दहापैकी सहा

सकाळी साडेपाचला मला जाग येई, पण माझी बोटे साडेसहापर्यंत झोपलेली असत. अंथरुणावर बसून मी दोन्ही हातांच्या मुठी मिटून पाही. त्या मिटत नसत. मग भिंतीला धरून आधी उजवा गुडघा, नंतर डावा, अशा ठरलेल्या क्रमाने मी उभी राही. न्हाणीघरात लांब दांडीचा नळ बसवून घेतला होता, तो मनगटाने ढकलला की उघडे. कोमट पाण्याच्या तपेल्यात पाच मिनिटे हात बुडवून ठेवले म्हणजे अंगठा आणि तर्जनी एकमेकांना भेटत. त्यानंतर दुधाची पिशवी कात्रीने कापायची, बिनसाखरेचा चहा करायचा, न्याहारीआधी साखरेची गोळी आणि न्याहारीनंतर रक्तदाबाची गोळी घ्यायची. शेवटी तूरडाळीच्या डब्यामागचे पाकीट काढून त्यातली तिसरी गोळी घ्यायची. ही दुखण्याची गोळी कोणत्याही कागदावर लिहिलेली नव्हती. ती पोटात गेली की अर्ध्या तासाने गुडघे माणसांत येत.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तेव्हा बासष्ट वर्षांची होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन चार वर्षे झाली होती आणि तालुक्याच्या गावात, कालव्याजवळच्या माझ्या दोन खोल्यांच्या घरात मी एकटी राहत होते.

मंगळवारी या सकाळला आणखी एक काम जोडलेले असे. चहाचा कप बाजूला सारून मी टेबलावर वही उघडी, शेजारी एक निळे आणि एक काळे पेन ठेवी, आणि मागच्या आठवड्याचे सातही दिवस एका बैठकीत लिहून काढी. उपाशीपोटी साखर एकशे बारा. चालणे चाळीस मिनिटे. गुडघ्यांचे व्यायाम, बोटांचे व्यायाम, दोन्हींपुढे बरोबरची खूण. दुखणे दहापैकी दोन. पुढच्या दिवशी साखर एकशे सतरा, काळ्या पेनाने. तिसऱ्या दिवशी पुन्हा निळे पेन, अक्षर थोडे घाईचे.

ज्यांनी शाळेत टाचणवही लिहिली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. उद्या वर्गात काय शिकवणार ते शिक्षकाने आदल्या दिवशी त्या वहीत लिहायचे असते. प्रत्यक्षात तपासणीचे पत्र आले, की शिक्षकांची खोली वर्गासारखी शांत होते आणि दोन-दोन महिन्यांची टाचणे एका दुपारी लिहून होतात. मुख्याध्यापिका म्हणून मी अशा वह्या चटकन ओळखत असे. त्यांची शाई एकसारखी असे. म्हणून माझी दोन पेने.

सुरुवात मात्र मी खरी केली होती. रुग्णालयाच्या जुन्या लसीकरण खोलीत दर बुधवारी एक वर्ग भरू लागला होता. संधिवाताबरोबर साखर किंवा रक्तदाब, किंवा दोन्ही असणाऱ्यांनी आपले आपण कसे सांभाळायचे, हा त्याचा विषय. पहिल्याच दिवशी मी सर्वांसमोर रोज चाळीस मिनिटे चालण्याचे जाहीर केले आणि बावीस दिवस चालले. तेविसाव्या दिवशी डावा गुडघा नारळाएवढा सुजला. त्या दिवशी चालणे आणि साखर, दोन्ही रकाने रिकामे राहिले. दुसऱ्या दिवशीही राहिले. सदतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या वहीत रिकामा रकाना कधी नव्हता. तिसऱ्या दिवशी मी तिन्ही दिवसांचे रकाने मनाने भरले, आणि चालल्याचे खोटे लिहिल्यावर साखर तपासून खरी लिहिण्यात काही अर्थ उरला नाही.

यामागे दुसरेही एक कारण होते. माझी मुलगी वैजयंती नाशिकला बँकेत होती. मागच्या वर्षी मी न्हाणीघरात घसरले, तेव्हापासून तिचे एकच म्हणणे होते, घर बंद करून माझ्याकडे ये. बऱ्याच वादानंतर आमचा करार झाला होता. तीन महिने मी वर्गाला जावे. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल चांगला आला तर मी इथेच राहावे, नाही तर मुकाट्याने सामान बांधावे. नाशिकच्या घरात मला काही कमी पडले नसते. पण तिथे माझा चहा मी केला नसता, आणि माझे दार मी उघडले नसते.

*

वर्ग घेणारा हणमंत मदने हा माझाच चौथीतला विद्यार्थी. आता तो फिजिओथेरपिस्ट झाला होता, कानांवर थोडे पांढरे आले होते, तरी मी दारात दिसले की हातातले काम टाकून उभा राही.

त्याची पद्धत साधी होती. खुर्चीत बसवून टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली दाबायला लावायची, कणकेचा गोळा पिळायला द्यायचा, आणि मग प्रत्येकाला विचारायचे, पुढच्या आठवड्यात काय करणार, किती करणार, केव्हा करणार, आणि ते जमेल याची खात्री दहापैकी किती?

"सातच्या खाली खात्री असली तर बेत लहान करायचा," तो सांगे. "माणूस लहान नाही करायचा."

माझी खात्री दर बुधवारी दहा असे.

त्या बुधवारी, वर्गाला बारा आठवडे पुरे झाले तेव्हा, गोदाक्का नाळे नेहमीप्रमाणे माझ्या शेजारच्या खुर्चीवर होत्या. त्या बाजारात भाजी विकत. लिहिता येत नसल्याने त्यांनी लोणच्याची एक रिकामी बरणी केली होती. चालल्या त्या दिवशी तीत एक चिंचोका टाकायचा. आठवड्याच्या शेवटी ती बरणी त्या हणमंतापुढे उपडी करत.

"चार," हणमंत मोजून म्हणाला. "बेत पाचचा होता, गोदाक्का."

"व्हय. नातीचं बारसं हुतं. बुंदी खाल्ली. मूठभर न्हवं, चांगली वाटीभर. चालले बी न्हाय."

"मग साखर?"

"दोनशे दहा. नर्सबाईनं बोट टोचलं आन् माझ्याकडं आसं बगितलं, जसं काय बुंदी तिच्या घरची हुती."

सगळे हसले. हणमंतही हसला. "पुढच्या आठवड्यात?"

"पाचच. खात्री सात. पर संगमनेरचं व्याही यायचं हाईत, म्हून साडेसा धरा."

"मग चारच करा."

"चारची खात्री नऊ!" त्यांनी टाळीसाठी माझ्यापुढे हात धरला. माझ्या बोटांना टाळी सोसत नसे, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी आपला तळवा माझ्या तळव्यावर हलकेच टेकवला.

तेवढ्यात डॉक्टर भोईटे आत आल्या. त्यांच्या एका हातात माझी वही होती, जी मी सकाळी तपासणीसाठी दिली होती, आणि दुसऱ्या हातात कागद.

"रणवरे बाई, तुमच्या वहीचं एक पान मला छापून हवंय," त्या म्हणाल्या. "आणखी चौदा गावांत हा वर्ग सुरू करतोय आपण. नोंद कशी ठेवावी ते लोकांना दाखवता येईल."

"अवो, अक्षार बगा की, मोती नुसतं," गोदाक्का म्हणाल्या. "माझं चिंचोकं न्हाय का छापायचं?"

डॉक्टर हसल्या, मग मला बाजूला घेऊन खिडकीशी गेल्या. हणमंतालाही त्यांनी बोलावले.

"पण मला एक कोडं सुटत नाहीये. घरी रोज एकशे बारा-तेरा, आणि तीन महिन्यांची सरासरी आलीय आठ पॉइंट नऊ. दोन्ही एकाच बाईंचं कसं असेल? एक तर प्रयोगशाळा चुकली किंवा तुमचं यंत्र. त्यात रक्तदाब एकशे साठ. मूत्रपिंडाचा आकडाही जरा चढलाय. पायांवर सूज आहे. दुखण्याच्या गोळ्या नाही ना घेत तुम्ही?"

"नाही," मी म्हणाले.

"मग पुढच्या बुधवारी रक्तदाबाची दुसरी गोळी जोडायची का ते ठरवू. आणि साखर खरंच एवढी असली तर इन्सुलिनचं बघावं लागेल. तोवर यंत्र कोणीतरी तपासायला हवं."

हणमंत माझ्याकडे पाहत नव्हता. तो माझी वही चाळत होता. "मी रविवारी कालव्याकडूनच जातो," तो म्हणाला. "बाईंच्या घरी डोकावतो."

*

गुरुवार ते शनिवार मी एका विद्यार्थ्याला शोभेल अशा तयारीत घालवले.

रुग्णालयातून मला साखर तपासण्याच्या शंभर पट्ट्या मिळाल्या होत्या. वहीप्रमाणे चौऱ्याऐंशी दिवसांत चौऱ्याऐंशी पट्ट्या संपायला हव्या होत्या आणि सोळा उरायला. माझ्याजवळ अठ्ठ्याहत्तर होत्या. हणमंत मोजायला बसला तर? मी बासष्ट पट्ट्या बाजूला काढल्या. फेकून द्यायला हात धजेना, सरकारी वस्तू होती ती. शेवटी त्या त्यांच्या डब्यांसकट एका पिशवीत बांधून मी तांदळाच्या पिंपात पुरल्या. जखडलेल्या बोटांनी गाठ बसेना. ती दातांनी ओढून बसवावी लागली. पिंपाचे झाकण लावल्यावर मी खुर्चीत बसले आणि मला एकटीलाच हसू आले. सदतीस वर्षे मी मुलांच्या कंपासपेट्यांतून चिठ्ठ्या काढत होते.

मग हसू ओसरले. पुढच्या बुधवारी मला एक गोळी जास्त मिळणार होती आणि कदाचित सुई. ती माझ्या आजारासाठी नव्हती, मी लिहिलेल्या वहीसाठी होती. हे मला तेव्हाही दिसत होते. पण खरे सांगितले तर नाशिक, आणि मोत्यांच्या अक्षराची ती रणवरे बाईही संपली. मी डाळीच्या डब्यामागचे पाकीट आणखी आत ढकलले.

रविवारी पावणेदहाला हणमंत आला. चपला बाहेर काढून, जणू मुख्याध्यापिकेच्या खोलीत यावे तसा, जरा वाकून आत आला.

"ये. चहा घेशील ना? बिनसाखरेचा आहे."

"चालेल, बाई. तुम्ही बसा, मी करतो."

"माझ्या घरात चहा मी करते," मी म्हणाले आणि उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात गेले. दोन्ही हातांनी चौकट धरल्याशिवाय मला तो उंबरा ओलांडता येत नसे. तो मागून बघत होता हे मला कप भरताना जाणवले.

टेबलावर मी यंत्र, पट्ट्यांचा डबा आणि वही नीट मांडून ठेवली होती. त्याने आधी वही उघडली.

"बुधवारपासून कोरं आहे."

मी कप त्याच्यापुढे ठेवला. पट्ट्या लपवण्याच्या गडबडीत मी आठवड्याच्या नोंदी करायलाच विसरले होते. मंगळवार यायचा होता ना!

"राहिलं," मी म्हणाले.

"असू दे." त्याने यंत्र हातात घेतले. "बोट द्या, बाई."

त्याने माझे बोट टोचले. आकडा आला एकशे चौऱ्याण्णव. मग त्याने खिशातून स्वतःचे यंत्र काढले, त्याच थेंबाला दुसरी पट्टी लावली. एकशे एक्क्याण्णव.

"यंत्र चांगलं आहे," तो म्हणाला.

"आज उशिरा उठले. रात्री भात जरा..."

"बाई, या यंत्राला एक बटण आहे, बाजूला. ते दाबलं की मागचे आकडे दिसतात. तारखेसकट." त्याने ते दाबले नाही. यंत्र माझ्यासमोर टेबलावर ठेवले. "तुम्हीच बघा. मी चहा पितो."

मी बटण दाबले. त्या दिवसाच्या आकड्यामागे सरळ नऊ आठवड्यांपूर्वीची तारीख उभी राहिली. मधे काहीच नव्हते. मी इतकी वर्षे वह्या तपासल्या. टेबलावरची ही काडेपेटीएवढी वस्तू आपली वही गुपचूप लिहीत होती आणि तिने दोन महिने कोरेच ठेवले होते.

हणमंत बशीत चहा ओतून पीत होता.

"तुला आधीच माहीत होतं," मी शेवटी म्हणाले.

"पाचव्या आठवड्यात." त्याने बशी खाली ठेवली. "चौथ्या आठवड्यापासून तुमच्या आकड्यांत एकही शून्यावर संपत नाही, बाई. एकशे अकरा, एकशे सतरा, एकशे तेरा. खऱ्या यंत्रात एकशे दहा येतो, एकशे वीस येतो. आकडा मनातून काढणारा माणूस शून्याला भितो. त्याला वाटतं, हा फार गोल झाला. माझ्याही वहीत नव्हता."

"तुझ्या कुठल्या वहीत?"

"चौथीत. तापमानाची. आठवतंय का?"

मला आठवत नव्हते. त्याने सांगितल्यावर हळूहळू आठवू लागले. व्हरांड्यात खिळ्याला टांगलेला तापमापक, रोज दुपारी बाराला तो वाचून तक्त्यात लिहिण्याचे हणमंताचे काम, आणि एके दिवशी फरशीच्या फटीत पाऱ्याचे मणी गोळा करत बसलेली दुसरीतली पोरे.

"माझ्याच हातून पडला होता," तो म्हणाला. "भीतीने नळी परत खिळ्याला टांगली आणि अकरा दिवस आकडे लिहीत राहिलो. एकोणतीस, एकतीस, अठ्ठावीस. तुम्ही पाऱ्याचे मणी बघितलेत, नळी बघितलीत आणि मला बोलावलंत. मला वाटलं, आता हातावर पट्टी. तुम्ही म्हणालात, 'तापमापक फुटला, एवढं लिहिलं असतंस तर मी तुला खाल्लं असतं का रे?'"

मी त्याच्याकडे पाहिले. त्याचा चेहरा अगदी गंभीर होता, पण मिशीखाली काहीतरी हलत होते.

"विचार आता," मी म्हणाले.

"नको, बाई."

"विचार म्हणते ना!"

"'आज चालले नाही', एवढं लिहिलं असतंत तर मी तुम्हाला खाल्लं असतं का, बाई?"

आम्ही दोघे हसलो. मी जास्त हसले, आणि हसता हसता पदराने डोळे पुसले.

"चूक माझीही आहे," तो थोड्या वेळाने म्हणाला. "पाचव्या आठवड्यात दिसलं तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडवलं नाही. तुमच्यापुढे मी अजून चौथीतच असतो. आणि दुखणं दहापैकी दोन असं रोज लिहिणारं माणूस चौकट दोन्ही हातांनी धरत नाही. काय घेता?"

मी उठले, डाळीच्या डब्यामागचे पाकीट आणून त्याच्यापुढे ठेवले. त्याने गोळ्यांचे नाव वाचले.

"दिवसाला?"

"दोन. कधी तीन."

"सूज यानेच असेल, रक्तदाबही यानेच वाढत असेल. मूत्रपिंडाचं तर..." तो थांबला. "मी डॉक्टर नाही. पण हे त्यांना कळल्याशिवाय दुसरी गोळी सुरू व्हायला नको. मी सांगू?"

"नाही. मी सांगेन."

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले आणि फोन वाजला. रविवारी दहाला वैजयंतीचाच फोन असे. हणमंत उठू लागला. मी हाताने त्याला बसवले.

"आई, अहवाल आला का?"

"आला."

"किती?"

माझ्या ओठांवर "सहा पॉइंट" इथपर्यंत आले होते. समोर ते काडेपेटीएवढे यंत्र पडले होते.

"आठ पॉइंट नऊ."

"असं कसं? तू तर दर आठवड्याला वाचून दाखवतेस, एकशे बारा, एकशे तेरा..."

"ते मी बनवलेलं होतं, वैजू. पहिले बावीस दिवस खरे. पुढची वही खोटी."

"काय?" मग तिचा आवाज एकदम चढला. "आई! बारावीत माझ्या मैत्रिणीने कॉपी केली म्हणून तू मला तिच्या घरी जाऊ दिलं नव्हतंस!"

"आठवतंय मला."

"सहा महिने!"

"चार."

ती हसायला लागली. तिला राग आला की ती आधी हसते. हे तिने माझ्याकडूनच घेतले आहे. मग हसणे थांबले. "मग आता काय? करार झालाय आपला. मी पुढच्या शनिवारी येते, बांधाबांध करू."

"ये. भाकरी खाऊन जा. पण मला आणखी तीन महिने दे."

"का देऊ? आणि दिले तरी मला खरं काय ते कळणार कसं?"

हा प्रश्न रास्त होता. मी हणमंताकडे पाहिले. तो खिडकीबाहेर बघत होता. तो मदतीला येणार नव्हता, आणि ते बरेच होते.

"दर रविवारी वहीतलं वाईट असेल ते तुला आधी वाचून दाखवीन," मी म्हणाले. "चांगलं नंतर, काही असलं तर. आणि तीन महिन्यांनी अहवाल थेट डॉक्टरांकडून घे. वाईट आला तर मी येईन. वाद घालणार नाही."

"वाद घालणार नाहीस? तू?"

"एकदाच घालीन."

तिने एक मोठा श्वास सोडलेला मला ऐकू आला. "आजचं वाईट सांग."

"साखर एकशे चौऱ्याण्णव. चालले नाही. दुखण्याच्या गोळ्या चोरून घेत होते, त्या बुधवारी डॉक्टरांपुढे ठेवणार आहे. आणि बासष्ट पट्ट्या तांदळात आहेत."

"कशात?"

"तांदळात. ते तू आलीस की सांगते."

फोन ठेवला तेव्हा हणमंत खाली मान घालून हसत होता, खांदे हलेपर्यंत.

"बाई, खरंच तांदळात?"

"काढून दे आता. गाठ दातांनी बांधलीय, मला सुटायची नाही."

त्याने पिंपात कोपरापर्यंत हात घालून पिशवी काढली, झटकली, गाठ सोडून दिली. निघताना चपला घालत त्याने विचारले, "या आठवड्याचा बेत काय, बाई?"

"रोज चाळीस मिनिटं चालणार."

"खात्री?"

मी "दहा" म्हणायला तोंड उघडले आणि मिटले. गुडघ्याकडे पाहिले. "सहा," मी म्हणाले. तेही जास्तच होते.

"मग बेत लहान करा."

घरासमोरून कालव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर विजेचे खांब होते. दारातून मला पाच दिसत. "दुसऱ्या खांबापर्यंत," मी म्हणाले. "जाऊन परत. आठवड्यातून चार दिवस. सकाळी, हात शेकून झाल्यावर."

"खात्री?"

"आठ."

"झालं तर." तो पायरी उतरला, मग वळला. "तुम्ही त्या वेळी मला एक शिक्षा दिली होती, बाई. ती आठवते का?"

"नाही रे. काय दिली होती?"

"तुमचा तांबडा पेन दिलात आणि माझ्याच हाताने अकरा नोंदी खोडायला लावल्यात. बाईंचा तांबडा पेन माझ्या हातात! आठवडाभर वर्गात मला कसला भाव होता, तुम्हाला सांगतो."

*

तो गेल्यावर मी टेबलाचा खण उघडला. निवृत्तीच्या दिवशी शाळेतून आणलेल्या वस्तू त्यात होत्या: शिट्टी, खडूचा धारक, आणि वापरायला आता कारण न उरलेले तांबडे पेन. शाई सुकली असेल असे वाटले होते. कागदावर दोनदा गिरवल्यावर ते चालू लागले.

बोटांना फार वेळ पेन धरता येत नव्हते, म्हणून मी ते काम तीन बैठकांत केले. वीस-एकवीस नोंदी झाल्या की कोमट पाण्यात हात, मग पुन्हा. तेविसाव्या दिवसापासून एकेक ओळ. साखर खोडली, मिनिटे खोडली, बरोबरच्या खुणा खोडल्या. सोमवारी दुपारी बासष्टावी ओळ संपली. मग त्याखाली, चाळीस-चाळीस वह्यांवर रोज लिहिलेला शेरा मी सावकाश लिहिला: पुन्हा लिहा. खाली सही केली आणि तारीख घातली.

मंगळवारी सकाळी मी दुसऱ्या खांबापर्यंत गेले आणि परत आले. वहीत त्याच दिवशी, एकाच पेनाने लिहिले.

बुधवारी वर्ग सुरू होण्याआधी मी डॉक्टर भोईट्यांच्या खोलीत गेले. वही आणि गोळ्यांचे पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवले आणि जे सांगायचे ते उभ्यानेच सांगितले. त्यांनी पानांमागून पाने उलटली. शेवटी शेऱ्याशी थांबल्या.

"बसा आधी," त्या म्हणाल्या. मग पाकीट आपल्या खणात टाकले. "ही आजपासून बंद. दुखण्यासाठी दुसरं काही बघू, लावायचं मलम देते. दुसरी गोळी आज नाही, इन्सुलिनही नाही. पंधरा दिवसांनी रक्त पुन्हा तपासू. ते पान मात्र मी आता छापू शकत नाही, रणवरे बाई."

"छापा," मी म्हणाले. "तांबड्यासकट छापा. चौदा गावांत निदान दहा तरी शिक्षक निघतील."

वर्गात गोदाक्कांची बरणी उपडी झालेली होती. चार चिंचोके, बेताप्रमाणे. त्या विजयी चेहऱ्याने बसल्या होत्या. मी शेजारी टेकले तशी त्यांनी माझ्या मांडीवरची वही ओढून घेतली आणि पान उघडून दचकल्या.

"आगं बया! बाई, समदी वही तांबडी कशानं झाली?"

"तपासली."

"कुणी? डाक्टरनीनं? एवढ्या चांगल्या अक्षराची?" त्यांनी हणमंताकडे रागाने पाहिले. "का ह्यानं?"

हणमंत टॉवेल वाटत होता. त्याने वर पाहिले नाही.

"मीच," मी म्हणाले, आणि गुंडाळी गुडघ्याखाली सरकवून दाबायला सुरुवात केली.